सिनेमातलं माझं दुसरं लग्न

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत माझा नवरा माझ्याकडे बघत नाही. अल्बम चांगला जाडजूड आहे, मखमली पुठ्ठ्याचा, पानापानांत बटरपेपर घातलेला. अंतरपाट धरलाय त्या फोटोत तो डावीकडे बघतोय. हार घालताना डावीकडे. मंगळसूत्र बांधताना हात माझ्या मानेशी आणि डोळे डावीकडे. डावीकडे बीडहून आणलेला फोटोग्राफर उभा होता, नवखा. आणि माझा नवरा स्वतः केजमधला फोटो स्टुडिओवाला, त्यामुळे त्याला राहवेना. भर लग्नात, भटजींचं ‘सावधान’ चालू असताना, तो त्याला सांगत होता, ‘फ्लॅश वर धर बे. नाकाची सावली पडायलीय.’

समोर मी त्याला ‘अहो’च म्हणते. लिहिताना अरेतुरे करते, कारण लिहिताना तो मध्ये बोलू शकत नाही.

सुरुवातीला हे मी हसत सांगायचे. पाटोद्याला माहेरी गेले की आईपुढे, मावश्यांपुढे अल्बम उघडायचा आणि म्हणायचं, बघा, तुमचा जावई फोटोग्राफरशी लग्न लावतोय. सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढे पुढे माझंच हसू आटलं, कारण घरात व्हिडिओ कॅमेरा आला.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. गावात पिवळे टेलिफोन बूथ निघाले होते, दुकानादुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या, केबलवाल्यानं घरांवरून वायरी ओढल्या होत्या, आणि लग्नात व्हिडिओ शूटिंग नसलं तर वरपक्ष रुसायला लागला होता. नवऱ्यानं खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा आणला. लगीनसराईत तो जीपला लटकून सगळा तालुका पालथा घालायचा आणि टेपा माझ्यासमोर आणून टाकायचा. मिक्सिंग माझ्याकडे असायचं. दोन व्हीसीआर आणि एक मिक्सरचं मशीन. एकावर टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा. नवरीला बदामात बसवायचं, सफरचंदातून बाहेर काढायचं, वरून पाकळ्या पाडायच्या, खाली गाणं सोडायचं. मला कुणी शिकवलं नाही, बटणं दाबत दाबत आलं.

त्या टेपांत नवऱ्याचा चेहरा कधी नसायचा, आवाज असायचा. ‘ताई, हनुवटी जरा वर घ्या. हां, अशी. ताई, आता खाली बघा. लाजा की थोडं.’ इतक्या मायेनं बोलायचा की मी बटणावर बोट ठेवून नुसती जळायचे. कुणाकुणाच्या नवऱ्यामुली, त्यांच्या हनुवट्यांची ह्याला काळजी. माझी हनुवटी वर आहे की खाली, हे ह्यानं कधी पाहिलं होतं? एकदा विचारलंच. तो भाकरी कुस्करत होता. म्हणाला, ‘अगं, त्या गिऱ्हाईक हायत. तू कावून सोताला मधी आणतीस?’

मला ह्याच्याकडून साडी नको होती, सिनेमाला न्यायला नको होतं. त्या कॅमेऱ्यातून तो जसं बघतो तसं एकदा कॅमेरा खाली ठेवून माझ्याकडे बघावं, एवढंच हवं होतं. हे मागायचं कसं? मागितल्यावर बघण्याला काय अर्थ आहे?

अशात सिनेमाचं खूळ निघालं. ते खताच्या दुकानवाल्या शेठच्या डोक्यातून निघालं. केबलवर रोज दुपारी सिनेमे लागायचे, आणि शेठला वाटलं की गावचा एक सिनेमा काढावा, त्यात आपलं दुकान दाखवावं, म्हणजे जाहिरात होईल आणि नावही होईल. कॅमेरा आमचा. गोष्ट लिहायला हायस्कूलचे मराठीचे सर. सर गॅदरिंगची नाटकं लिहायचे आणि ‘पाणी द्या’ एवढं म्हणायलाही त्यांना पानभर जागा लागायची.

पण गोष्ट त्यांनी फक्कड काढली. सिनेमा काढण्याचाच सिनेमा. तालुक्याच्या गावातला एक लग्नाचा शूटिंगवाला असतो. त्याला प्रेमाचा सिनेमा काढायचा असतो, पण स्वतः जन्मात कुणावर प्रेम केलेलं नसतं. म्हणून तो एक लेखक धरतो. लेखक म्हणतो, प्रेमात पाऊस पाहिजे. पैसे लावणारा मालक म्हणतो, पाऊस पाडा, पण पोती भिजायला नकोत. नायिका म्हणते, मी झाडाभोवती पळणार नाही, इथं नुसत्या बाभळी आहेत. एकेक सीन लिहायचा, करायला जायचं आणि त्याचा बोजवारा उडायचा. त्या बोजवाऱ्यात शूटिंगवाल्याचं आणि नायिकेचंच जमत जायचं, आणि ते त्या दोघांना सोडून अख्ख्या गावाला कळायचं. गोष्टीतल्या लेखकाला सगळे का हसतात, हे एकट्या सरांना कधी कळलं नाही.

‘शूटिंगवाल्याचं काम कोण करणार?’ सरांनी विचारलं.

‘खरा शूटिंगवाला समोर बसलाय की,’ शेठ म्हणाला.

‘मग कॅमेरा कोण धरंल?’ माझ्या नवऱ्यानं विचारलं. त्याला पडद्यावर जाण्यापेक्षा ती चिंता मोठी होती.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी म्हटलं असतं, मला घरची कामं आहेत. पण नायिका कोण आहे हे मला दाराआडून कळलं होतं, त्यामुळे मी लगेच म्हटलं, ‘मी धरीन.’

नायिका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणक्लास चालवणारी. उंच, मोकळी हसणारी, डाव्या गालावर खळी. तिच्या आईनं तिच्यासाठी नारायणगडाला नवस बोलून ठेवला होता, पण स्थळ काही जुळत नव्हतं. माझे ब्लाउज तीच शिवायची. माझ्या कमरेचं माप तिला पाठ होतं आणि ते ती क्लासमधल्या सगळ्या पोरींपुढे मोठ्यानं सांगायची. मला ती तेव्हापासूनच आवडत नव्हती. आता तर ती माझ्या नवऱ्याच्या प्रेमात पडणार होती, आणि ते मी स्वतःच्या डोळ्यानं, एक डोळा मिटून, बघणार होते.

कॅमेरा शिकवायला नवरा माझ्या मागे उभा राहिला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘खांदा हलवायचा न्हाई. श्वास धरायचा. एक डोळा झाकायचा.’ इतक्या वर्षांत तो माझ्या इतका जवळ उभा राहून इतकं बोलला नव्हता. मी मुद्दाम खांदा हलवला, म्हणजे त्यानं परत सांगावं. त्यानं परत सांगितलंही, पण बघत होता कॅमेऱ्याकडे.

पहिलाच सीन प्रेम सांगायचा. जागा शेठच्या गोदामापुढची, मागे पोत्यांची थप्पी, पोत्यांवर दुकानाचं नाव. सरांनी पानभर संवाद दिला होता. नवऱ्यानं नायिकेचा हात हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाला, ‘ताई, हे मृगनयने...’

सर ओरडले, ‘ताई कुठून आणली?’

परत. ‘हे मृगनयने, तुझ्या या केशकलापाच्या छायेत, ताई...’

लग्नातल्या नवरीमुलींना ताई म्हणून म्हणून त्याच्या जिभेला वळणच पडलं होतं. बायकांकडे नीट बघायचं म्हटलं की तोंडातून ताई निघायची. नायिका हसून हसून पोत्यावर बसली. सर कपाळ धरून उभे. शेठ ओरडला, ‘बाई, उठा, नाव झाकायलंय!’ मला मात्र त्या ‘ताई’नं जरा बरं वाटलं. मग कधीतरी तो चुकून बरोबर बोलला, ताईशिवाय बोलला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कॅमेरा खाली घेतला.

‘बरोबर आलं न्हाई,’ मी म्हटलं. ‘चेहऱ्यावर उजेड न्हाई.’

तेव्हा कुठे मला कळलं की मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. बरोबर आलं नाही म्हटलं की सीन परत. सीन परत म्हणजे ह्यानं तिचा हात परत धरायचा. मी जेवढी नाही म्हणेन तेवढी ती दोघं जवळ येणार. आणि आलं म्हटलं तर ते कायमचं टेपेवर जाणार. दोन्हीकडून माझीच गोची. सर तर माझ्यावर खूष. म्हणाले, ‘वहिनी, तुमची नजर फार कडक आहे. असा डायरेक्टर मुंबईत मिळायचा नाही.’

पावसाचा सीन मला आजही आठवतो. फवारणीचा पंप पाठीवर बांधून शेठचा गडी बाभळीमागे उभा केला होता. पंप धुऊन घेतला होता म्हणे, पण औषधाचा वास काही गेला नव्हता. धार सुटली, नायिकेनं सरांच्या सांगण्यावरून मान वर केली, डोळे मिटले आणि अशी सणसणीत शिंकली की तिची टिकली उडून माझ्या नवऱ्याच्या गालाला चिकटली. आणि माझा नवरा हसला. खोटं नाही, पोट धरून हसला. त्याला इतका हसलेला मी घरात कधी पाहिला नव्हता. कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगात सगळं काळं-पांढरं दिसतं, पण त्याचं हसणं मला त्यातही चांगलं दिसलं. टिकली काढायला ती पुढे झाली, तर मीच कॅमेरा घेऊन धावले आणि ती काढली. सर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही सीनमध्ये आलात.’ मी म्हटलं, ‘असू द्या.’

शेवटचा सीन लग्नाचा. सरांना मी आधीच सुचवून पाहिलं होतं की दोघांना पळून जाताना दाखवा, एसटीत बसवा, झालं. सर ऐकेनात. लग्नाच्या शूटिंगवाल्याचं लग्न आणि त्याच्या लग्नाचं शूटिंग करायला कुणी नाही, हाच म्हणे सगळ्यात मोठा विनोद. त्या विनोदावर माझं अल्बमभर रडून झालं होतं, पण ते सरांना काय सांगायचं?

गर्दी पाहिजे म्हणून शेठनं जीपवर भोंगा लावून गावभर पुकारा केला की शूटिंगच्या लग्नाला या, जेवण हाय. गोदामाच्या अंगणात मांडव पडला. खरा बँड आणला, खरे भटजी आणले, परातीत ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता भरल्या. लोक आले ते नटूनथटून आणि आहेर घेऊन. ब्लाउजपीस, टोपी-टॉवेल, स्टीलचे डबे. शेठ म्हणाला, ‘अवं, हे खोटं लगीन हाय.’ एक म्हातारी म्हणाली, ‘असंल. पर लग्नाला मोकळ्या हातानं कसं यावं?’ आणि तिनं ब्लाउजपीस पुढे केला.

मी कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी. खोटं तर खोटं, पण आता माझ्या नवऱ्याच्या आणि तिच्या डोक्यावर सगळा गाव अक्षता टाकणार होता, आणि ते मीच श्वास धरून, खांदा न हलवता टिपणार होते.

अंतरपाट धरला आणि भटजींनी हात वर केला. ‘एक विचारतो,’ ते म्हणाले. ‘हे दोघं कोण हायत एकमेकांचे?’

‘नायक-नायिका,’ सर म्हणाले.

‘मग मी म्हणणार न्हाई. मंगलाष्टका म्हणल्या, अक्षता पडल्या, की लग्न लागलं. माझ्या तोंडून खोटं लग्न लागत न्हाई.’

‘काका, हा अभिनय आहे.’

‘तुमचा असंल. माझा न्हाई.’

एवढ्यात नायिकेची आई गर्दीतून पुढे आली. तिला हे बहुतेक त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. ‘काका बरोबर बोलायलेत,’ ती म्हणाली. ‘माझ्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की पडल्या. मग उद्या तिला कोण करून घेईल? ह्यांच्या घरी नांदवू का?’ आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. एकटा माझा नवरा अंतरपाटाआडून येऊन कॅमेऱ्याची बॅटरी किती उरलीय ते बघत होता.

सर म्हणाले मंत्राऐवजी काहीतरी पुटपुटा. भटजी उठायलाच लागले. शेठ म्हणाला, जेवण शिजलंय, लग्न तर लागलंच पाहिजे. शेवटी भटजींनीच तोड काढली. ‘ज्यांचं लागलेलं हाय, त्यांनाच उभं करा,’ ते म्हणाले. ‘त्याला दोष न्हाई. लोक साठीशांतीला परत लावतातच की.’

मग सर एकदम उजळले. नायिका पाठमोरी दाखवायची, तिचा चेहरा नंतर वेगळा घ्यायचा, आणि पाठ काय, कुणाचीही चालते. मी म्हटलं, ‘कुणाची म्हणजे?’ पण मला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातून कॅमेरा लवकर सुटावा असं मला वाटलं.

मला नटवलं कुणी? तिनंच. गोदामाच्या खोलीत तिनं स्वतःचा शालू सोडून मला नेसवला. ब्लाउज काही कमरेत येईना. ‘वहिनी, तुमचं माप वाढलं बरं का,’ ती मोठ्यानं म्हणाली, आणि दातानं शिवण उसवून तिनं तो जागच्या जागी मोठा केला. माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, कानामागचे केस सारखे केले. हात हलके होते तिचे. त्याचाही मला राग आला.

कॅमेरा सरांकडे गेला. तो तिवईवर ठेवून दिला आणि त्यांना फक्त बटण दाबून उभं राहायला सांगितलं. मी मांडवात आले तेव्हा माझा नवरा अंतरपाटाच्या पलीकडून सरांना सांगत होता, ‘सर, त्याला हात लावू नका. नुसते उभे राहा.’ माझ्या मनात आलं, झालं सुरू. परत तेच. मी ठरवून टाकलं की वर बघायचंच नाही. मंगलाष्टका संपेपर्यंत मी माझ्या पायाची बोटं बघत राहिले, म्हणजे तो डावीकडे बघताना मला दिसायला नको.

अंतरपाट निघाला. मी त्याच्या आवाजाची वाट बघत होते, की आता बॅटरीचं काहीतरी बोलेल, उजेडाचं बोलेल. काहीच आलं नाही. मी मान वर केली.

तो माझ्याकडे बघत होता. डावीकडे नाही, सरांकडे नाही, माझ्याकडे. आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, ‘मागच्या टायमाला बघायचं राहिलं व्हतं.’

म्हणजे त्याला माहीत होतं. अल्बम त्यानंही पाहिला होता. इतकी वर्षं मी जे मनात धरून बसले होते ते त्याच्याही मनात होतं आणि बोलला नव्हता. वरून ज्वारी पडत होती, कानात जात होती, बँड सुरू झाला होता आणि मी हार हातात घेऊन नुसती उभी. भटजी म्हणाले, ‘हार, बाई, हार.’

आहेर सगळा मी घरी आणला. शेठनं विचारलं, हे कसं काय? मी म्हटलं, लग्न कुणाचं लागलं? त्यातले डबे अजून माझ्या मांडणीवर आहेत.

मिक्सिंगला बसले तेव्हा खरी परीक्षा होती. आधीचे सगळे सीन बघितले. हात धरायचे, प्रेम सांगायचे, ते सगळे. आणि मला दिसलं की तिच्याकडे बघताना ह्याचे डोळे तिच्या नाकावर होते. सावली पडली का, उजेड सारखा आहे का, हेच चाललं होतं. प्रेम सांगताना सुद्धा तो शूटिंगच करत होता. मग लग्नाची टेप लावली. सरांच्या नशिबानं चित्र स्वच्छ आलं होतं. समोर माझी पाठ, माझा एक कान, एक मुंडावळ, आणि माझ्या खांद्यावरून त्याचा पूर्ण चेहरा. ते बघणं. ओठ हललेले दिसतात, आवाज बँडमध्ये गेलाय. मी ते किती वेळा मागे नेऊन पाहिलं ते सांगत नाही.

आता ह्या बघण्यापुढे नायिकेचा चेहरा जोडायचा होता. तो नंतर वेगळा घेतला होता. शेठ गड्यावर खेकसत होता म्हणून ती गालात हसत होती, खळी पडली होती. मी तो न जोडता सीन लावून बघितला. जमेना. माणूस असं बघतो म्हटल्यावर कुणाकडे, ते लोकांना लागतंच. नुसती पाठ दाखवून चालत नाही. नवरा मागे उभा होता. म्हणाला, ‘तुला नको असंल तर काढून टाकू. सीन गेला तर गेला.’ पण सिनेमा चांगला झाला होता हो. आणि मिक्सिंग माझं होतं. मी बटण दाबलं. त्याचं बघणं संपतं तिथे तिची खळी जोडली. माझ्या वाट्याला इतक्या वर्षांनी आलेली गोष्ट मी माझ्या हातानं तिला देऊन टाकली. मूळ टेप पुढच्या लग्नात भरून गेली. तेव्हा टेपा परत वापरायचो आम्ही, नवी कोण घेतं?

केबलवर रविवारी दुपारी सिनेमा लागला. आमच्या घरात गल्लीतल्या बायका मावेनात. ‘ताई, हे मृगनयने’ला लोळून हसल्या. शिंकेला हसल्या. आणि लग्नाच्या सीनला सगळ्या गप्प झाल्या. शेजारची काकू माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच म्हणाली, ‘बाई, सांभाळ गं नवऱ्याला. असं कुणी ॲक्टिंगमधी बघत न्हाई.’ दुसरी म्हणाली, ‘काय म्हणला गं तो तिला?’

माझ्या जिवाचा नुसता चडफडाट झाला. माझ्या वाट्याचं बघणं, आणि कीव माझीच! ओरडून सांगावं वाटलं की ती पाठ माझी आहे, कान बघा, माझा कान ओळखत नाही का? पण सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि बाहेर जाऊन म्हणाल्या असत्या, बिचारी मनाची समजूत घालते. त्या दिवसापासून मी तिचा जेवढा हेवा केला तेवढा कुणाचाच केला नाही. अगदी अन्याय होता माझा, पण ते कळून हेवा थांबत नाही.

त्या सिनेमानं तिचं लग्नही जमलं. कॅसेट पाटोद्याला गेली, तिथल्या एका मुलाकडच्यांनी तिला पडद्यावर पाहिलं आणि स्थळ सांगून आलं. माझ्याच माहेरी. हे झालं नसतं तर मला बरं वाटलं असतं. पत्रिका द्यायला ती आली. पाणी प्यायली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, ‘वहिनी, एक विचारू? त्या सीनमधी ते काय म्हणले? सगळे मलाच विचारायलेत. त्यांच्या घरचे पण.’

‘मग तू काय सांगतेस?’

‘सांगते कायबी. छान दिसायलीस म्हणले, असं.’ हे सांगताना ती हसत नव्हती. ‘मला तर ते शेवटपर्यंत ताईच म्हणले. तिथं मी न्हवतेच, वहिनी. मी ती कॅसेट लई वेळा लावली. लई हेवा वाटला तुमचा.’

मी उठून चहा टाकला.

तिच्या लग्नाचं शूटिंग आमच्याकडेच होतं. माहेरचं गाव म्हणून मीही गेले. पाटोद्याला मांडवात नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, हातात दिव्याची वायर. ‘ताई, हनुवटी वर घ्या,’ तो तिला म्हणाला, आणि तिनं घेतली. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट निघाला. ती मान वर करून नवरदेवाकडे बघत होती. आणि नवरदेव व्हिडिओ कॅमेऱ्याकडे बघत होता. तेव्हाचे सगळे नवरदेव तेच करायचे. केस सारखे करत, छाती काढून, सरळ भिंगात.

खरं सांगते, पहिल्यांदा मला गार वाटलं. बरं झालं, हिलाही तेच. मग तिचा चेहरा दिसला. ती खळी कुठेच नव्हती. माझ्या अल्बममधला माझा चेहरा असाच आहे.

मी मोठ्यानं म्हटलं, ‘अहो नवरदेव, तिकडं काय बघायलाव? हिच्याकडं बघा. मागनं राहून जातंय.’

मांडव हसला. नवरदेव ओशाळला आणि वळून तिच्याकडे बघायला लागला. कसं बघितलं ते मला माहीत नाही, कारण मी तिकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी, कॅमेऱ्याला एक डोळा लावून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं मिटलेला दुसरा डोळा उघडला होता आणि त्यानं तो माझ्याकडे वळवला होता. खांदा हलवायचा नाही म्हणणारा माणूस, त्याचा खांदा हलला.

ती टेप मिक्सिंगला आली तेव्हा बरोबर त्या जागी चित्राला धक्का बसलेला होता. असे धक्के मी नेहमी काढून टाकायचे, गिऱ्हाईक नाव ठेवतं. हा काढला नाही. माझ्या वाट्याचं एक बघणं तिच्या सिनेमात राहिलं आहे, तर हे दुसरं तिच्या लग्नात असू द्यावं.